खटका उडाल्यानंतर सहकाऱ्याशी कसे बोलावे : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे राग गिळून गोड बोलणे, हा समज कचेऱ्यांमध्ये इतका पक्का बसला आहे की ज्याचा आवाज कधी चढत नाही तोच या बाबतीत शहाणा ठरतो. प्रत्यक्षात ती काही कामे ठरावीक क्रमाने करण्याची सवय आहे. पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली केलेल्या मांडणीत भावना ओळखणे पहिल्या पायरीवर आणि भावना हाताळणे शेवटच्या पायरीवर आहे; मधल्या दोन पायऱ्या भावनेचा विचाराला उपयोग करून घेण्याच्या आणि तिचे कारण समजून घेण्याच्या आहेत. आपण नेमके उलटे करतो. आधी बोलून मोकळे होतो, मग कारण शोधतो, आणि आपल्याला नक्की काय झाले होते हे दोन दिवसांनी रात्री अंथरुणावर पडल्यावर कळते.

पुढील टप्पे एकाच प्रसंगासाठी लिहिले आहेत: सहकाऱ्याशी खटका उडाला आहे, काम तर रोज एकत्रच करायचे आहे, आणि आता बोलणे भाग आहे. घरातल्या अबोल्यालाही यातले बरेचसे लागू पडते, पण घरात जुनी देणीघेणी अधिक असल्याने तिथे वेळ जास्त लागतो.

## उदाहरणासाठी घेतलेला प्रसंग

समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथे अकाउंट्स सांभाळणाऱ्या बाईंना दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीचे ३बी विवरणपत्र (महिन्याच्या कराचा हिशेब, म्हणजेच रिटर्न) भरायचे असते. खरेदीचे बिल हातात असल्याशिवाय आणि माल पोहोचल्याशिवाय त्यावरच्या कराचे क्रेडिट (देण्याच्या करातून वजावट) घेता येत नाही, म्हणजे तेवढी रक्कम रोखीने भरण्याची वेळ येते. १८ तारखेला त्यांच्या लक्षात येते की स्टोअरकडून सात बिले आलेलीच नाहीत. सकाळीच मालकांनी रोख रकमेवरून त्यांना सुनावलेले असते. त्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहितात, ‘स्टोअरमुळे दर महिन्याला रिटर्न रखडतं. काकांना कशाचीच पडलेली नाही.’ स्टोअरचे काका पंचावन्नचे, वीस वर्षे तिथेच. त्यांचे उत्तर येते, ‘मॅडम, आम्ही एसीत बसून काम करत नाही.’ त्यानंतर अबोला. बिले आता शिपायाच्या हाती येतात, तीही उशिरा.

पुढाकार मॅडमनी घ्यायचा आहे असे धरून पुढचे लिहिले आहे.

## सुरुवात करण्याआधी: हा मार्ग कुठे वापरू नये

प्रत्येक प्रसंग समजुतीने सोडवायचा नसतो, आणि या विषयावरच्या बहुतेक सल्ल्यांची हीच मोठी उणीव आहे. झालेला प्रकार लैंगिक छळाचा असेल, तर समोरच्याला एकट्याने गाठून बोलणे धोक्याचे आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. जातिवाचक अपमान, मारहाण, धमकी किंवा पगार अडवून ठेवणे यांनाही समजुतीच्या नव्हे, तक्रारीच्या मार्गाने जावे लागते. अशा ठिकाणी ‘जरा समजून घ्या’ असे सांगणारा माणूस स्वतःची डोकेदुखी टाळत असतो.

तपासणी: समोरच्याने ‘नाही’ म्हटले तर माझ्या सुरक्षिततेला किंवा नोकरीला धक्का लागेल का? उत्तर ‘हो’ असेल तर इथेच थांबावे आणि लेखी मार्ग धरावा.

## टप्पा १: आधी शरीर शांत होऊ द्यावे

राग आधी शरीरात येतो. कान तापतात, छातीत धडधडते, जबडा आवळला जातो, आणि या अवस्थेत समोरच्याचे बोलणे कानावर पडते पण डोक्यात शिरत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करून, नाडी मिनिटाला शंभराच्या पुढे गेली की बोलणे थांबवून निदान २० मिनिटांची विश्रांती घ्यावी, असा सल्ला दिला आहे. कचेरीतही हाच हिशेब धरायला हरकत नाही; घटना मोठी असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

विश्रांती म्हणजे मात्र विश्रांतीच. चहाच्या टपरीवर जाऊन तिसऱ्या सहकाऱ्याला सगळा प्रसंग नकलेसकट सांगणे ही विश्रांती नव्हे. वाफ दवडली की राग उतरतो हे ऐकायला पटते, परंतु मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त भरला. म्हणून त्या वीस मिनिटांत दुसऱ्या विभागातले एखादे काम करावे, जिना चढून-उतरून यावे, डबा खाल्ला नसेल तर खावा. पोट रिकामे असताना घेतलेले निर्णय माझे तरी बहुतेक चुकले आहेत.

इशारा: या वेळेत फोनवर काहीही टंकू नये. ग्रुपवरचा मजकूर सर्वांसाठी काढून टाकला तरी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी खूण मागे उरते, आणि काय लिहिले होते याची चर्चा मूळ मजकुरापेक्षा जास्त होते.

## टप्पा २: भावनेला तिचे खरे नाव द्यावे

हा टप्पा बहुतेक जण पूर्ण गाळतात, आणि पुढचे सगळे त्यामुळेच बिघडते. ‘मला राग आला’ एवढ्यावर आपण थांबतो. राग बहुधा दाराशी उभा असलेला पहारेकरी असतो. आत कोण बसले आहे ते पाहावे लागते.

या कामात मराठीची मोठी मदत होते, कारण तिच्यात या छटांसाठी वेगवेगळे शब्द तयार आहेत. त्याच त्या अडचणीने आपण थकलो तर तो वैताग. अन्याय झाल्याची भावना असेल तर ती चीड. चारचौघांत कमीपणा आला तर तो अपमान, आणि आपलीच चूक चारचौघांत उघडी पडली तर आपण ओशाळतो. अपेक्षा ठेवली आणि ती मोडली तर हिरमोड. पुढे काय होईल याची भीती मनात घर करून बसली तर ती धास्ती. बोलता येत नाही आणि सोडताही येत नाही ती घुसमट. आपण वेगळे वागायला हवे होते असे राहून राहून वाटते ती रुखरुख.

प्रत्येक नावाबरोबर पुढचे पाऊल बदलते, म्हणून हा शब्दांचा खेळ नाही. वैताग असेल तर कामाची पद्धत बदलावी लागते. चीड असेल तर न्याय मागावा लागतो. धास्ती असेल तर ज्याची भीती वाटते त्या गोष्टीचा बंदोबस्त करावा लागतो, आणि रुखरुख असेल तर आपणच क्षमा मागायची असते. आपल्या प्रसंगातल्या मॅडमनी कागदावर पहिल्यांदा ‘राग’ लिहिले, तर पाच मिनिटांनी खाली ‘धास्ती’ लिहिले जाईल: विवरणपत्र उशिरा गेले तर रोज ५० रुपये विलंब शुल्क, क्रेडिट हुकले तर रोख रकमेची तंगी, आणि त्यावरून मालकांचे पुन्हा बोलणे. काकांचा संबंध त्यानंतर येतो. त्याच्याही खाली, ग्रुपवर लिहिल्याची रुखरुख असेल.

नाव कागदावर लिहावे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या चित्रणाने दाखवले की भावनेला शब्दाने नाव दिले की मेंदूतल्या अमिग्डाला या भागातली खळबळ कमी होते. म्हणजे हा टप्पा पुढच्या बोलण्याची तयारी तर आहेच, पण पहिल्या टप्प्याचे उरलेले कामही तो पुरे करतो.

नेहमीची चूक: मराठीत ‘वाटणे’ हे एकच क्रियापद भावनेला आणि मताला दोन्हींना चालते. ‘मला भीती वाटते’ ही भावना आहे. ‘मला वाटतं तुम्ही मुद्दाम करता’ हा आरोप आहे, फक्त त्याने भावनेचा अंगरखा घातला आहे. ‘मला वाटतं’ नंतर ‘तुम्ही’ आले की ते वाक्य भावनांच्या यादीतून काढून पुढच्या टप्प्यात टाकावे.

## टप्पा ३: घडलेले आणि मानलेले यांची फाळणी

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे फक्त तेवढेच लिहावे जे कॅमेऱ्याने टिपले असते. उजवीकडे आपण त्यावरून काढलेला अर्थ.

डावीकडे: ‘१८ तारखेला सात बिले आलेली नव्हती. १२ तारखेला मी फोन केला होता. ते “पाठवतो” म्हणाले. मी ग्रुपवर त्यांचे नाव घेऊन लिहिले. त्यांनी एसीचा उल्लेख केला.’

उजवीकडे: ‘त्यांना पडलेली नाही. माझे वय कमी म्हणून मला मोजत नाहीत. दर महिन्याला असेच होते.’

बहुतेकांचा डावा रकाना चार ओळींत संपतो आणि उजवा पानभर जातो, आणि हे पाहूनच माणूस जरा जमिनीवर येतो. ‘दर महिन्याला’ हे मॅडमनी फाइल काढून तपासले तर कदाचित सहांपैकी दोनच महिने निघतील. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द डाव्या रकान्यात आले असतील तर ते मोजून घ्यावेत किंवा उजवीकडे हलवावेत.

आता उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर आणखी एक शक्यता लिहावी, तीही समोरच्याच्या बाजूची. बिले का अडली असतील? माल तपासणीत पडून असेल, नवीन माणूस गेटवर बसला असेल, काकांना २० तारखेचे महत्त्व कोणी सांगितलेच नसेल. यातली कोणती शक्यता खरी हे ठरवण्याची गरज नाही. एकाहून जास्त शक्यता आहेत एवढे मनाला कळले की पुढच्या बोलण्यात आपोआप प्रश्नचिन्ह येते.

तपासणी: डावा रकाना समोरच्या माणसाला जसाच्या तसा वाचून दाखवला तर तो ‘बरोबर, असंच झालं’ म्हणेल का? म्हणणार नसेल तर त्यात अजून आरोप शिल्लक आहे.

## टप्पा ४: काय हवे आहे ते एका ओळीत

‘त्यांना त्यांची चूक कळायला हवी’ हे मागणे नव्हे. ते पुरे झाले की नाही हे कोणालाच मोजता येत नाही. मागणे असे असावे की उद्या ते झाले किंवा झाले नाही हे सांगता येईल. ‘गेटवर माल आला त्याच दिवशी बिलाची प्रत माझ्याकडे यावी’ हे मागणे आहे. एका बैठकीत एकच मागावे. जुनी थकबाकी त्याच दिवशी वसूल करायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने परततो.

## टप्पा ५: वेळ आणि जागा

चारचौघांत झालेला अपमान चारचौघांतच मिटवायचा, पण बोलणे मात्र दोघांतच करायचे. वेळ आधी विचारून घ्यावी आणि विषयही सांगावा, कारण ‘जरा बोलायचं होतं’ एवढ्याच निरोपाने समोरचा माणूस दिवसभर तयारी करून येतो, आणि ती तयारी लढाईची असते. शुक्रवारची संध्याकाळ, महिनाअखेर आणि जेवणाच्या आधीचा अर्धा तास टाळावा. आपल्या खुर्चीवर बसून दुसऱ्याला बोलावण्यापेक्षा त्याच्या जागेवर जाणे बरे. वयाने मोठ्या माणसाच्या बाबतीत तर ‘तुमच्याकडे स्टोअरमध्येच येते’ या वाक्याने निम्मे काम होते.

## टप्पा ६: पहिली तीन वाक्ये

ही तीन वाक्ये लिहून काढावीत आणि मोठ्याने म्हणून पाहावीत. बाकीचे बोलणे पाठ करू नये. पाठ केलेले बोलणे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

पहिले वाक्य आपल्या चुकीचे. दुसरे डाव्या रकान्यातले. तिसरे प्रश्नाचे. आपल्या प्रसंगात ते असे होईल:

‘काका, परवा मी ग्रुपवर तुमचं नाव घेऊन लिहिलं, ते मी चुकीचं केलं. १८ तारखेला सात बिलं माझ्याकडे नव्हती आणि २० तारखेची मला धास्ती होती. बिलं तुमच्याकडे आल्यापासून माझ्याकडे येईपर्यंत मध्ये कुठे थांबतात, ते मला समजून घ्यायचंय.’

यात तीन जागी घसरगुंडी आहे.

क्षमा मागताना ‘चुकलं असेल तर’ म्हणू नये. ‘असेल तर’ आले की क्षमा उरत नाही, चौकशी सुरू होते. तसेच ‘माझ्याकडून लिहिलं गेलं’ असे म्हटले की लिहिणारा हात कोणा दुसऱ्याचाच होता असे वाटते. ‘मी लिहिलं’ हे जड जाते, पण तेच पोहोचते.

क्षमेनंतर ‘पण’ आणू नये. ‘मी चुकले, पण तुम्हीही…’ यातले ऐकणाऱ्याच्या कानात फक्त ‘पण’पासून पुढचे उरते.

तिसरी घसरगुंडी संबोधनाची आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. रागात आपण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतो, हे उघड दिसते. मात्र ज्याला रोज ‘अरे’ म्हणतो त्याला अचानक ‘आपण’ म्हणणे हेही तितकेच बोचते. त्या एका शब्दात जुने सगळे नाते मोडल्याची सूचना असते. खटक्याच्या आधी जे संबोधन होते तेच ठेवावे. काका ते काकाच.

इशारा: ‘मनावर घेऊ नका’, ‘गैरसमज करून घेऊ नका’ आणि ‘तुमच्या भल्यासाठीच सांगते’ ही तीन वाक्ये या बैठकीत वर्ज्य आहेत. पहिली दोन वाक्ये दुखावल्याचा दोष दुखावलेल्यावरच टाकतात, आणि तिसऱ्यावर आजवर कोणाचा विश्वास बसलेला मला दिसलेला नाही.

## टप्पा ७: ऐकणे, विशेषतः पहिली दोन मिनिटे

प्रश्न विचारल्यावर समोरून लगेच उत्तर येणार नाही. आधी गाऱ्हाणे येईल: ‘तुम्हाला काय, तुम्ही वरती बसता.’ या क्षणी खुलासा करण्याची जबरदस्त ऊर्मी येते. ती आवरावी. गाऱ्हाण्यातला माहितीचा तुकडा उचलावा आणि तो आपल्या शब्दांत परत द्यावा: ‘म्हणजे खाली दोनच माणसं आहेत आणि गाडी आली की दोघांनाही उतरवायला जावं लागतं, असंच ना?’

अशा परतीच्या वाक्यानंतर समोरचा ‘हो ना’ म्हणाला की खरे कारण येते. आपल्या प्रसंगात ते असे निघू शकते: बिल मालाच्या चलनाला टाचून माल तपासणीला जातो, तपासणी चार-चार दिवस चालते, आणि माल पास झाल्याशिवाय आवक नोंदवायची नाही असा कारखान्याचाच नियम आहे. म्हणजे बिल काकांकडे नव्हतेच. डाव्या रकान्यातली एक ओळ इथे नव्याने लिहावी लागते, आणि उजवा रकाना जवळजवळ पुसला जातो.

उलटही घडते हे लपवण्यात अर्थ नाही. कधी कधी ऐकून घेतल्यावर कळते की समोरच्याला खरोखरच पडलेली नाही. तेव्हाही ऐकणे वाया जात नाही, कारण आता वरिष्ठांकडे जाताना हातात अनुमानाऐवजी माहिती असते.

तपासणी: बैठकीच्या पहिल्या पाच मिनिटांत आपण जास्त बोललो की समोरचा? आपण जास्त बोललो असू, तर एक प्रश्न विचारून गप्प बसावे.

आवाज चढला तर: ‘मला हे नीट बोलायचंय, आत्ता जमत नाहीये. चार वाजता परत येते’ असे सांगून उठावे, आणि चार वाजता खरोखर यावे. वेळ न सांगता उठणे हे निघून जाणे ठरते, आणि त्यातून नवा अबोला सुरू होतो.

## टप्पा ८: ठरलेले लिहून ठेवणे आणि पुन्हा पाहणे

बोलणे चांगले झाले की माणसे हात मिळवून उठतात आणि काय ठरले ते कोणीच लिहीत नाही. पुढच्या महिन्यात दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात. म्हणून उठण्यापूर्वी कोण, काय, केव्हापासून एवढे बोलून घ्यावे: गेटवरच बिलाचा फोटो काढून अकाउंट्सला पाठवायचा, मूळ बिल तपासणीनंतर आले तरी चालेल, सुरुवात १ तारखेपासून. फोटोवरून मॅडमना बाकी बिलांची यादी ठेवता येते आणि माल तपासणीत अडकला असेल तर १५ तारखेलाच विचारता येते.

त्यानंतर ग्रुपवरचे कर्ज ग्रुपवरच फेडावे. ‘बिले तपासणीत अडकत होती, स्टोअरची चूक नव्हती. मी घाईने लिहिले. काकांशी बोलून नवी पद्धत ठरवली आहे’ एवढा मजकूर पुरे. यापेक्षा लांब लिहिले तर त्याचे प्रदर्शन होते.

पुढच्या महिन्यात १५ तारखेला स्वतःहून खाली जाऊन यावे. सगळी बिले आली असतील तर तेही सांगावे. बिले आली नाहीत तेव्हाच स्टोअरचा जिना उतरणारी मॅडम काकांच्या मनात पुन्हा फिर्यादीच ठरते. एखादे बिल राहिले असेल तर पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करायची नाही. थेट तिसऱ्या टप्प्याचा डावा रकाना काढावा आणि विचारावे, ‘काका, एक बिल दिसत नाहीये. या वेळी कुठे थांबलंय?’

दोनदा ठरवूनही काहीच बदलले नाही तर प्रकरण वरिष्ठांकडे न्यावे, आणि नेण्यापूर्वी काकांना तसे सांगावे. तिथेही डावा रकानाच न्यावा. आणि या सगळ्यात झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर प्रश्न एका खटक्याचा राहिलेला नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे फोन करून बोलता येते.